मणक्यातलं इंजेक्शन आणि पोटातला गोळा

"डॉक्टर, पाय तर जाणार नाहीत ना?" सायटिकासाठी मणक्यात इंजेक्शन घ्यायला आलेले बहुतेक रुग्ण हेच विचारतात. काही जण विचारत नाहीत, त्यांचं बीपीच सांगतं.

मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. हे इंजेक्शन बहुधा त्याच्या खाली आणि नसांवरच्या आवरणाबाहेर देतात. सुई कुठे पोचली हे एक्स-रेच्या पडद्यावर पाहता येतं. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, नसेला इजा हे धोके आहेत, पण क्वचित.

आधी त्वचा बधिर करताना चुरचुरतं. मग फक्त दाब जाणवतो. औषध जाताना नेहमीची कळ क्षणभर पायात उतरू शकते. हे आधी ठाऊक असेल तर माणूस दचकत नाही.

आमच्याकडे एक एसटी चालक घामाघूम होऊन टेबलावर पालथे झोपले. म्हटलं, "हलायचं नाही, नुसतं 'थांबा' म्हणा, मी थांबेन." त्यांनी एकदाही म्हटलं नाही. श्वास सावकाश सोडत राहिले, नर्सबाईंशी गावच्या रस्त्याबद्दल बोलत राहिले.

रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, कसली ॲलर्जी, सुई पाहून पूर्वी आलेली चक्कर, हे लाजू नका, सांगा. गोळी मनानेच बंद करू नका. स्टेरॉइडने साखर काही दिवस वाढू शकते.

सोबत कुणीतरी आणा; त्या दिवशी गाडी चालवायची नाही. पाय काही तास जड वाटू शकतो. मात्र ताप आला, लघवी अडली किंवा पायातली ताकद कमी होत गेली, तर सकाळची वाट पाहू नका.