वजनाची शस्त्रक्रिया – ६ : मागे उरलेलं जठर

आज लोह आणि बी-१२चा विषय ठरला होता. पण मध्येच एका वाचकाचं पत्र आलं. बायपासची तारीख ठरलेली, आणि एन्डोस्कोपीत ‘एच. पायलोरी’ हा जिवाणू सापडला. ‘दुखत नाही, जळजळ नाही, तरी ऑपरेशन दीड महिना पुढे ढकललं. एवढ्या गोळ्या कशाला?’ प्रश्न रास्त आहे. लोह थांबू शकतं.

बायपासमधली नवी पिशवी गेल्या आठवड्यात पाहिली : जेमतेम ३० मिलिलिटरची, अर्धा कटिंग मावेल एवढी. बाकीचं जठर पोटातच राहतं, तिथे आम्लही पाझरत राहतं. फक्त घशातून उतरणारी नेहमीची दुर्बीण तिथवर पोचत नाही. पुढे त्या बंद खोलीत अल्सर झाला किंवा गाठ आली, तर बघायचं कुठून? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला १९९४ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवलं आहे. म्हणून दार लागण्याआधी झाडलोट.

स्लीव्हमध्ये जठराचा बराचसा भाग कापून बाहेरच काढतात आणि उरलेली नळी दुर्बिणीला दिसते, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. बायपासच्या जोडावर होणाऱ्या अल्सरचं म्हणाल, तर त्यामागे तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्यांचा हात असतो हे पक्कं. जिवाणूचा वाटा किती, यावर अभ्यासांचं एकमत नाही.

आता दीड महिन्याचा हिशेब. बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्ल कमी करणारी गोळी, असा चौघांचा कोर्स सहसा १४ दिवस चालतो. त्यानंतर जिवाणू खरंच गेला का, हे पाहायला किमान चार आठवडे थांबावं लागतं. झाले सहा आठवडे.

थांबायचं का, हे एन्डोस्कोपीच्या खोलीत कळतं. जठराच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा पिवळ्या जेलमध्ये खोचतात. जिवाणूजवळ युरिएज हे विकर असतं. ते युरियापासून अमोनिया बनवतं. आम्लात तग धरायला जिवाणूला हाच अमोनिया उपयोगी पडतो, आणि त्यानेच पिवळ्या जेलचं गुलाबी होतं. पण पेशंट रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेत असेल, तर जिवाणू न मरता नुसते रोडावतात आणि पिवळं पिवळंच राहतं. म्हणून तपासणीआधी ती गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद ठेवायला सांगतात.

वाट पाहायला लावणं ही या जिवाणूची जुनीच खोड. पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन तो वाढवू पाहत होते, तेव्हा बशा दोन दिवसांनी रिकाम्या म्हणून टाकून दिल्या जात. १९८२ मध्ये ईस्टरची सुट्टी लागली, बशा तशाच राहिल्या आणि पाचव्या दिवशी वसाहती उगवलेल्या दिसल्या. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

पत्रलेखकासाठी एक सूचना : बिस्मथने शौचाचा रंग काळा होतो, कधी जीभही काळवंडते. रक्त जातंय या भीतीने कोर्स अर्धवट सोडू नये. शंका आली तर डॉक्टरांना फोन करावा. लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं. ते पुढच्या आठवड्यात.