मार्कशीट न मागणारं कॉलेज

अमेरिकेतलं कॉलेज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हार्वर्डचं नाव, बँकेचं भलंमोठं कर्ज, जीआरईच्या पुस्तकात डोकं घातलेला शेजारचा मुलगा आणि त्याच्यासाठी प्लॉट विकायला काढलेले त्याचे वडील. पण मैत्रिणींनो, त्याच अमेरिकेत असंही एक कॉलेज मी पाहिलं, जिथे तुमचं वय विचारत नाहीत, दहावी-बारावीचे मार्क विचारत नाहीत आणि त्या शहरात राहणाऱ्यांना फीसुद्धा पडत नाही. ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणतात त्याला.

ते मला पाहायला मिळालं माझ्या धाकट्या जावेमुळे. ही आमची जाऊ बी.कॉम., तीही फर्स्ट क्लास. २००८ साली लग्न होऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेली. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. दीर सकाळी आठला बाहेर पडायचे, ते रात्री आठला घरी. मधल्या बारा तासांत बोलायला माणूस नाही. फोनवर नुसती रडायची बिचारी. शेवटी शेजारच्या एका फिलिपिनो बाईने हाताला धरून तिला ‘सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को’मध्ये नेलं. तिथे इंग्रजी बोलण्याचे आणि कॉम्प्युटरचे वर्ग फुकट होते. परीक्षेचं ओझं नाही, डिग्रीचा आग्रह नाही. दोन महिन्यांनी फोनवरचा तिचा आवाजच बदलला.

पुढे २०१६ मध्ये त्यांना ग्रीन कार्ड मिळालं आणि तिने बालशिक्षणाचा रीतसर कोर्स घेतला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं त्यांच्याकडे दोन महिने गेलो होतो. ‘वहिनी, तुम्ही एकदा माझं कॉलेज बघायला चलाच,’ असा तिचा धोशा. ऑगस्ट महिना, आणि त्या गावात अशी थंडी की मी दोन स्वेटर घातलेले! बाल्बोआ पार्क नावाच्या स्टेशनवर उतरलो. धुक्यातून चढ चढून कॉलेज. बाईंच्या परवानगीने मी मागच्या बाकावर बसले.

वर्ग संध्याकाळचा, कारण दिवसा सगळ्यांनाच काम. पुढच्या रांगेत विशीतली दोन-चार मुलं. त्यांच्या मागे हॉटेलात खोल्या साफ करणारी एक मेक्सिकोची बाई, कामाचे बूट तसेच पायात. माझ्या शेजारी साठी ओलांडलेली एक चिनी आजी. नातवंडं वाढवून झाली, आता परवानाधारक बालवाडीत रीतसर शिक्षिका व्हायचंय म्हणाली. कॅलिफोर्नियात त्यासाठी बालशिक्षणाची १२ युनिटं, म्हणजे साधारण चार विषय, आणि थोडा अनुभव लागतो. मुलं सांभाळण्यातलं तिला काय माहीत नव्हतं? पण तो कागद नव्हता.

त्या दिवशीचा धडा मी अजून विसरलेले नाही. घरचा अभ्यास असा होता, की एखाद्या लहान मुलाकडे वीस मिनिटं बघायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. आपलं मत लिहायचं नाही. माझ्या जावेने लिहिलं होतं, ‘मुलगा हट्टी आहे.’ बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली. हट्टी दिसतो कसा? काय केलं त्याने? मग आमच्या बाईसाहेबांनी खोडून लिहिलं, ‘त्याने पाच वेळा निळा डबा मागितला. पाचव्यांदा जमिनीवर बसला.’ खरं सांगते, मी दोन मुलं वाढवली, अंगणवाडीच्या पंचवीस तरी बैठकांना बसले, पण एवढी साधी गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. चिनी आजी मात्र मान डोलावत होती. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण निरीक्षण सगळ्यात चांगलं तिचंच निघालं.

अशा कॉलेजांची सुरुवात १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट गावी झाली, असं मानतात. सॅन फ्रान्सिस्कोचं कॉलेज १९३५ मधलं. तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. वर्ग शहरभर विखुरलेले. एक तास इथे तर दुसरा पार त्या टोकाला, आणि मुलं ट्रॉलीत बसून धावायची. लोकांनी नावच ठेवलं ‘ट्रॉली कार कॉलेज’! आज कॅलिफोर्निया राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. एका युनिटची फी ४६ डॉलर. दोन वर्षांच्या पदवीला ६० युनिटं लागतात, म्हणजे सगळे मिळून २७६० डॉलर. तिथल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात स्थानिक मुलांनाही एका वर्षाला १२ हजार डॉलरच्या वर पडतात. म्हणून शहाणी पोरं पहिली दोन वर्षं इथे काढतात आणि मग मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातात. शेवटी सर्टिफिकेट मिळतं ते त्या विद्यापीठाचंच.

आपल्याकडे ‘स्वस्त’ म्हटलं की लोक नाक मुरडतात. कमी फीचं ते कमी दर्जाचं, असं गणित. तिथेही नाक मुरडणारे आहेत, पण बायडेन राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या पत्नी डॉ. जिल बायडेन व्हाइट हाऊसमध्ये राहूनही नॉर्दर्न व्हर्जिनियाच्या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवायला जात होत्या, हे मला फार आवडलं.

आता फी माफ कशी झाली, ते ऐका. जेन किम नावाच्या नगरसेविकेने हा विषय लावून धरला. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये शहरात मतदान झालं. ५० लाख डॉलरच्या वर किमतीची घरं-इमारती विकल्या जातील त्यांच्यावर कर वाढवायचा, असा प्रस्ताव. मतदारांनी तो मंजूर केला, आणि त्या उत्पन्नाच्या भरवशावर २०१७ पासून शहरवासीयांची फी शहराने भरायला सुरुवात केली. उत्पन्नाची अट नाही, म्हणजे तहसीलदाराच्या दाखल्यासाठी हेलपाटे नाहीत. ज्यांची फी गरिबीमुळे आधीच माफ होती त्यांना पुस्तकांसाठी थोडे पैसे.

आणि हे सगळं कधी? तर तेच कॉलेज बंद पडायची वेळ येऊन गेल्यावर! पैशाचे व्यवहार आणि कारभार यांवर बोट ठेवून मान्यता देणाऱ्या मंडळाने २०१३ मध्ये जाहीर केलं, की वर्षभरात मान्यता काढून घेणार. विद्यार्थी भराभर गळाले. शहराच्या वकिलाने कोर्टात धाव घेतली, कोर्टाने तो निर्णय थोपवला आणि २०१७ च्या जानेवारीत मान्यता पुन्हा कायम झाली. माझी जाऊ सांगत होती, त्या वर्षांत नाव घालायचं की नाही असं वाटायचं. मान्यताच गेली तर कागदाची किंमत काय?

सगळं गोडगोड आहे असंही नाही. फी नसली तरी घरभाडं आहेच, आणि त्या शहरातलं भाडं ऐकून मला घेरी यायची बाकी होती. दोन-दोन नोकऱ्या करून शिकणारे थकतात, मधेच सोडून देणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. पुढे २०२२ मध्ये कॉलेजने पैसे नाहीत म्हणून प्राध्यापक कमी केले, तेव्हा काही वर्गही बंद झाले. पण माझ्या मते खरी किंमत दुसरीकडे आहे. सोडलेल्या बाईला तिथे परत येता येतं. पाच वर्षांनी आलीस तरी आधी मिळवलेली युनिटं तुझ्या खात्यात तशीच असतात. ‘इतकी वर्षं कुठे होतीस?’ असं खिडकीतून कुणी विचारत नाही.

माझी जाऊ आता बालवाडीत शिकवते. मेक्सिकोच्या बाईचं काय झालं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, दोनदा सोडून तिसऱ्यांदा आली होती.

आपल्याकडे हे अगदीच नाही असं नव्हे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ साली सुरू झालं. पूर्वतयारीची परीक्षा देऊन बारावी न झालेल्या कित्येक जणी तिथून पदवीपर्यंत पोचल्या. दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म आहेच. पण आमच्या बचत गटातल्या बायकांना फॉर्म भरून पुस्तकं दिली, तरी पुढे काय? बीजगणित कोण समजावणार? दिवसभर रानात नाहीतर शिलाई मशीनवर, आणि रात्री घरात बसून अभ्यास करायला कोपरा कुठे? गेल्या खेपेला चौघींनी फॉर्म भरले, परीक्षेला एकटीच गेली. बसस्टँडजवळच्या शाळेच्या खोल्या मात्र संध्याकाळी पाचनंतर रोज कुलपात.

म्हणून आम्ही नगरपालिकेकडे दोन खोल्या मागितल्या आहेत, रात्री सात ते नऊ. शिकवायला दोन निवृत्त शिक्षक विनामोबदला तयार आहेत. मुख्याधिकारी सज्जन माणूस. चहा पाजला आणि विचारलं, ‘ताई, लाइट बिल कुणाच्या नावावर टाकायचं?’ चार ट्यूब, चार पंखे, महिन्याचे सव्वीस दिवस. आमच्या ह्यांनी युनिटनिशी हिशोब मांडून दिला, तो मी अर्जाला जोडलाय. या खेपेला नऊ जणींनी नावं दिली आहेत. त्यातली एक आजी झालेली आहे. फॉर्म भरायची मुदत जवळ आलीय, आणि किल्ली अजून मिळालेली नाही.