कानांना जाच न करणारे हेडफोन



इस्राएलमध्ये ज्यांना ओझ्नियोत म्हणतात आणि मुंबई-ठाण्यात नुसते हेडफोन, त्यांच्याविषयी लिहा, असे ओळखीच्या तीन-चार घरांतून मला सांगण्यात आले. कारण उघड आहे. सत्तरी ओलांडली की वाचून डोळे दमतात आणि सगळा भार कानांवर येतो. जुनी नाट्यगीते, कीर्तनांच्या जपून ठेवलेल्या ध्वनिफिती, बातम्या, कोणी वाचून दाखवलेली पुस्तके, असे दिवसाचे तीन-चार तास सहज ऐकण्यात जातात. मुले कौतुकाने दुकानातला भारीतला भारी हेडफोन आणून देतात. पहिल्या दिवशी सर्वांना दाखवून होते, आणि पंधरा दिवसांनी तो खोक्यासकट कपाटात जातो. विचारले तर उत्तर मिळते, "आवाज छान आहे हो, पण डोके दुखते." म्हणून आवाजाच्या गुणांची चर्चा मी नंतर करीन. आधी डोके आणि कान.

किमतीचे एक सांगून टाकते. मी बहरैनमध्ये राहते, तेव्हा हिशेब दिनारांत. १९६५ साली येथे दिनार सुरू झाला तेव्हा एका दिनाराला दहा आखाती रुपये धरले होते. आज एका दिनाराला दोनशेहून जास्त भारतीय रुपये पडतात. सोनी कंपनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ हा २०२२ साली निघाला तेव्हा अमेरिकेतली किंमत सुमारे ४०० डॉलर, म्हणजे दीडशे दिनार होती. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स २०२० च्या अखेरीस ५४९ डॉलरला निघाला, म्हणजे दोनशेच्या वर. येथे त्यावर १० टक्के मूल्यवर्धित कर लागतो. एवढे पैसे मोजल्यावर वस्तू सुखाचीच असणार असे वाटते. तसे नसते. किंमत बहुधा आवाजाची, धातूची आणि नावाची असते.

पहिली गोष्ट वजन. वर सांगितलेला सोनीचा हेडफोन २५० ग्रॅमच्या आसपास आहे, आणि एअरपॉड्स मॅक्स जवळजवळ ३८५ ग्रॅम. दुकानात दोन मिनिटे लावून पाहिला तर हा फरक कळतच नाही. दोन तासांनी मानेला कळतो. ज्यांना मानेच्या मणक्यांचा त्रास आहे त्यांनी ३०० ग्रॅमच्या पुढे जाऊच नये, असे माझे मत आहे. संगीताच्या शौकिनांसाठी अर्धा किलो व त्याहून जड असे काही हेडफोन मिळतात. त्यांचा आवाज अप्रतिम असेल, पण ते आपल्यासाठी नव्हेत.

दुसरी गोष्ट दाब. हेडफोन डोक्यावरून घसरू नये म्हणून त्याची कमान कानांना दोन्ही बाजूंनी चेपते. ही पकड नव्या वस्तूत जास्त असते आणि वापराने सैल होते. चष्मा लावणाऱ्यांचे हाल येथेच होतात. चष्म्याची काडी गादी आणि कवटी यांच्यामध्ये सापडते आणि कानामागे रुतते. तेव्हा चष्म्याच्या काड्या बारीक असाव्यात, गादी जाड व मऊ असावी, आणि परीक्षा नेहमीचा चष्मा लावूनच घ्यावी. गादीचे भोक एवढे मोठे हवे की पूर्ण कान आत बसेल आणि कानाची पाळी कोठेच दबणार नाही. वयाबरोबर कान लांब होतात, ही थट्टा नव्हे, खरीच गोष्ट आहे. कानावर टेकून बसणारे छोटे हेडफोन दिसायला सुटसुटीत असतात, पण तासाभराने कानाची कूर्चा ठणकू लागते.

आता आमच्या बहरैनची अडचण. ती मुंबईकरांना आणि तेल अवीवच्या समुद्रकाठी राहणाऱ्यांनाही लागू आहे. उन्हाळ्यात येथे पारा चाळीशीच्या वर जातो आणि हवेत दमटपणा असा की चष्म्यावर धुके धरते. बहुतेक भारी हेडफोनच्या गाद्या कृत्रिम चामड्याच्या असतात. त्याखाली घाम साचतो, कान ओलसर राहतात आणि काही वर्षांत चामड्याचे पापुद्रे निघून मानेवर काळे तुकडे पडू लागतात. मखमलीसारख्या कापडाच्या गाद्या जास्त थंड राहतात. जर्मनीच्या बायरडायनॅमिक कंपनीचे डीटी ८८० व डीटी ९९० तशा गाद्यांसाठी प्रसिद्ध आहेत. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासूनचा हेडफोनही त्याच जातीचा. त्याचे वजन सुमारे २६० ग्रॅम, नवा असताना पकड जरा घट्ट, पण त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा बदलता येतो. आमच्या पिढीला हे आवडेल. आम्ही मिक्सरचे भांडेसुद्धा फेकून न देता दुरुस्तीला नेणारी माणसे.

परंतु हे हेडफोन उघड्या पाठीचे आहेत. म्हणजे बाहेरच्या बाजूला जाळी असते आणि हवा खेळती राहते. त्यामुळे कान तापत नाहीत, आवाजही मोकळा, खोलीत कोणी गात असल्यासारखा येतो. १९६८ साली सेनहायझरनेच एचडी ४१४ काढून ही तऱ्हा बाजारात आणली. पण जाळीतून हवा जाते तसा आवाजही जातो. शेजारी बसलेल्याला तुमचे गाणे ऐकू येते आणि तुम्हाला एसीची घरघर. येथे एसी बारा महिन्यांतले आठ महिने चालू. घरघर आली की हात आपोआप आवाज वाढवण्याकडे जातो, आणि खरा धोका तेथेच आहे.

बंद पाठीचे, बाहेरचा गोंगाट मारणारे हेडफोन याच कामासाठी आहेत. त्यांत छोटे मायक्रोफोन असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात आणि आतली यंत्रणा त्याच्या नेमकी उलटी लाट तयार करते. लाटेचा उंचवटा व दुसरीचा खळगा एकत्र आले की पाणी सपाट होते, तसे. एसी, पंखा, विमान यांची एकसुरी घरघर याने फार चांगली मरते. माणसांचे बोलणे तितके मरत नाही. ही कल्पना अमर बोस यांना १९७८ साली झुरिकहून अमेरिकेला परतताना विमानात सुचली. विमानातल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या आवाजापुढे संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तेथेच गणित मांडायला घेतले. त्यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक. बोस स्वतः एमआयटीत वर्षानुवर्षे शिकवत होते. मी शिक्षिका असल्यामुळे हे सांगितल्यावाचून राहवत नाही. काही जणांना मात्र या यंत्रणेने कानात दडे बसल्यासारखे वाटते. विकत घेण्यापूर्वी ती चालू करून दहा मिनिटे बसून पाहावे.

मग घ्यावे कोणते? एसीखाली बसून ऐकणाऱ्याने हलका, गोंगाट मारणारा, बंद पाठीचा घ्यावा आणि दर पाऊण तासाने काढून कान पुसावेत. शांत खोलीत एकट्याने ऐकणाऱ्याने उघड्या पाठीचा घ्यावा. पण त्यात एक मेख आहे. एचडी ६०० सारख्या हेडफोनचा विद्युत्‌रोध ३०० ओहम असतो. मोबाईलच्या जोरावर तो मिणमिणता वाजतो, सोबत छोटा ॲम्प्लिफायर लागतो. शिवाय आजच्या पुष्कळ मोबाईलना वायर लावायचे भोकच नसते. हा खटाटोप नको असेल तर बिनवायरचा बरा.

आता आवाज किती ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ९० ला तर जेमतेम ४ तास, तेही पूर्ण आठवड्यात. आणि आपण रोज चार तास ऐकतो! आयफोनमध्ये आवाजाची वरची मर्यादा ठरवून ठेवता येते. नातवंडांकडून ती एकदा लावून घ्यावी.

पण आवाज वाढवावा का लागतो, हेही तपासा. वयोमानाने आधी बारीक, उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, श, फ, थ ही अक्षरे त्यांतच मोडतात. म्हणून "बोलणे ऐकू येते पण समजत नाही" अशी तक्रार असते. अशा वेळी आवाज चढवून उपयोग नाही. त्याने खालचे सूर गर्जतात आणि अक्षरे पुसटच राहतात. कानाची तपासणी करून आलेख घ्यावा. इस्राएलमधल्या वाचकांनी आपल्या कुपात होलीममध्ये विचारावे. आयफोनमध्ये तो आलेख भरून त्याच कंपनीच्या काही हेडफोनमधला आवाज आपल्या कानाप्रमाणे बसवता येतो. एक कान दुबळा असेल तर मोबाईलच्या सुलभतेच्या सेटिंगमध्ये "मोनो" चालू करावे. नाहीतर एका बाजूला तबला आणि दुसऱ्या बाजूला गायक अशा ध्वनिमुद्रणात गायकच हरवतो. मात्र एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर हेडफोनचे दुकान नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावरचे औषध लवकर सुरू झाले तरच लाभण्याची आशा असते.

श्रवणयंत्र कानामागे बसवणाऱ्यांना मोठ्या वाटीचा हेडफोन लागतो, कारण त्या यंत्राचा मायक्रोफोन वाटीच्या आत यायला हवा. वाटी फार घट्ट बसली तर यंत्र शिट्टी घालते. नव्या यंत्रांत मोबाईलचा आवाज थेट येतो, तेव्हा हेडफोनचा खर्च करण्यापूर्वी तेवढे विचारून घ्या.

टीव्हीसाठी घेणार असाल तर साध्या ब्लूटूथमध्ये कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. टीव्हीजवळ ठेवायचा तळ सोबत मिळतो असे बिनवायरचे संच वेगळे असतात, ते या कामी बरे. तळावर ठेवले की चार्जही होतात. येथल्या वाचकांनी प्लग तीन चौकोनी पिनांचा आहे ना, तेही बघावे.

दुकानात निदान अर्धा तास द्या. विक्रेत्याला राग आला तर येऊ द्या. हेडफोन लावून बोला, जांभई द्या, खाली वाकून चप्पल सरळ करा. बटणे बोटांना लागतात का पाहा. नुसत्या स्पर्शाने चालणारे सुकलेल्या बोटांना दाद देत नाहीत. दुकानदाराचे झगमगीत गाणे ऐकू नका, आपल्या रोजच्या गाण्याची दोन मिनिटे ऐका. मागे तंबोरा अखंड ऐकू येतो का? डग्ग्याचा घुमारा वेगळा कळतो का, की सगळे एकच गदगद? मी येथल्या मोतीवाल्या पाणबुड्यांचे फिजरी लावून पाहते. २०२१ साली युनेस्कोने त्या गाण्यांची नोंद घेतली. टाळ्या, मातीच्या घड्यांवरची थाप आणि पुरुषांचा खर्जातला घोष, तिन्ही सुटे ऐकू आले की मला पुरते.

घरी आणल्यावर उजव्या वाटीला लाल दोरा बांधावा. त्यावरचे बारीक अक्षर वाचण्यासाठी दर वेळी चष्मा शोधावा लागत नाही. आणि पैसे देण्यापूर्वी सुट्या गाद्या मिळतात का आणि केवढ्याला, हे विचारून पावतीच्या मागे लिहून घ्यावे. आमच्या हवेत त्या आधी जातात.