जन्माच्या दिवशीची लस
(यकृताचे विकार : लेखांक सहावा)

ब प्रकारच्या काविळीचा विषाणू प्रौढ माणसाच्या रक्तात कोणकोणत्या मार्गांनी शिरतो, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. आता ज्या मार्गाने तो सर्वाधिक हानी करतो त्या मार्गाचा, म्हणजे मातेकडून नवजात अर्भकाकडे होणाऱ्या संक्रमणाचा, विचार करावयाचा आहे. प्रौढपणी ज्यांना हा संसर्ग होतो त्यांच्यापैकी शंभरात पाचांहूनही कमी जणांच्या शरीरात तो कायमचे ठाण मांडतो. जन्मसमयी ज्यांना तो होतो त्यांच्या बाबतीत मात्र हेच प्रमाण शंभरात नव्वदांच्या घरात जाते. अर्भकाच्या प्रतिकारशक्तीला अद्याप आप-पर भेद पुरता उमगलेला नसल्यामुळे ती या विषाणूशी झगडतच नाही, आणि झगडा नाही म्हणून ताप नाही, अंग पिवळे पडत नाही, भूक मंदावत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळे पिवळसर दिसू लागतात आणि घरची मंडळी धास्तावतात. परंतु त्या काविळीची कारणे निराळी असतात, आणि वैद्यकीय देखरेखीखाली ती बहुधा लवकर ओसरते. ज्या बाळाला मातेकडून ब विषाणू मिळाला आहे ते मात्र गुटगुटीत, हसरे, दृष्ट लागावी असे असते, आणि त्याच्या यकृतातील बिघाड तीस-चाळीस वर्षांनी, ऐन कर्तेपणाच्या काळात, जलोदराच्या किंवा कर्करोगाच्या रूपाने उघडकीस येतो.

हा संबंध निर्विवादपणे सिद्ध झाला तो तैवानात. पामर बीझली या अमेरिकन वैद्याने तेथील सरकारी नोकरांचे विमा दफ्तर आपल्या संशोधनाचा पाया केले. कारण नोकर आजारी पडला वा मरण पावला की त्याची नोंद त्या दफ्तरी हटकून होत असे. २२,७०७ पुरुषांचे रक्त तपासून त्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला, आणि १९८१ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो थक्क करणारा होता : यकृताच्या कर्करोगाने जे ४१ जण दगावले त्यांच्यापैकी ४० जण या विषाणूचे वाहक होते. त्याच बीझलींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहक मातांच्या बाळांना जन्मतःच तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन आणि लस अशी दुहेरी तजवीज करून पाहिली, तेव्हा बहुसंख्य बाळे वाचली. १९८४ च्या जुलैपासून तैवान सरकारने वाहक मातांच्या बाळांसाठी ही लस राष्ट्रीय पातळीवर सुरू केली, आणि दोनच वर्षांनी ती सरसकट सर्व नवजातांना लागू केली. तैपेई शहरातील मुलांत १९८४ साली शंभरात सुमारे दहा वाहक आढळत. १९९९ साली ते प्रमाण एकाहूनही खाली आले होते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाणही काही वर्षांतच निम्म्यावर आले. एका लशीने कर्करोग टळल्याचा इतका स्वच्छ पुरावा वैद्यकाच्या इतिहासात त्यापूर्वी कोणापाशीच नव्हता.

विषाणूचे संक्रमण गर्भाशयात क्वचितच होते. बहुतांशी ते प्रसूतीच्या वेळी, मातेच्या रक्ताशी व स्रावांशी बाळाचा संपर्क आल्याने होते. म्हणूनच जन्मानंतर दिलेली लसही उपयोगी पडते : विषाणू यकृतात जम बसवण्यास वेळ घेतो आणि लवकर दिलेली लस त्याच्या आधी संरक्षण उभे करते. या शर्यतीची मुदत अल्प आहे. पहिली मात्रा चोवीस तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, बाळाच्या मांडीच्या पुढील-बाहेरील भागात टोचावयाची असते. माता वाहक आहे हे ठाऊक असेल तर दुसऱ्या मांडीत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही, शक्यतो बारा तासांच्या आत, द्यावयाचे असते. रक्तात विषाणूची संख्या फार मोठी असलेल्या मातांना गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत टेनोफोव्हिर हे औषध देतात. अशा मातेने अंगावर पाजण्यास काही हरकत नाही. बाळाला लस मिळाली असता दूध तोडण्याचा सल्ला देणे हा अन्याय आहे.

आपल्याकडे हैदराबादेत १९९७ साली स्वदेशी लस तयार झाली आणि पुढे २०११ च्या सुमारास राष्ट्रीय लसीकरणात ती देशभर आली. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांतील पेंटाव्हॅलंट या संयुक्त लशीच्या मात्रांत तिचा अंश असतो, सबब जन्ममात्रा चुकली तरी पुढे भरून निघेल, अशी समजूत प्रसूतिगृहांतूनही आढळते. ती सर्वस्वी चुकीची आहे. वाहक मातेच्या बाळाचे भवितव्य सहाव्या आठवड्याच्या पुष्कळ आधी ठरून गेलेले असते.

जन्ममात्रा चुकते ती बहुधा किरकोळ कारणांनी, आणि हीच गोष्ट मला सर्वांत अधिक खटकते. दहा मात्रांची कुपी एकट्या बाळासाठी फोडली तर उरलेल्या नऊ वाया जातील, या धाकाने परिचारिका आणखी बाळांची वाट पाहते. रविवार असतो, सणाची सुटी असते, शीतपेटीची किल्ली दुसऱ्याच कोणापाशी असते. वास्तविक सरकारी नियमांनुसार ही कुपी, उघडल्याची तारीख व वेळ तिच्यावर लिहून आणि दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यात जपून, अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरण्याची मुभा आहे. गोठलेली लस मात्र निकामी होते. बर्फाला चिकटून ठेवलेली कुपी वापरण्यापेक्षा टाकून दिलेली बरी. नऊ मात्रांच्या नासाडीची भीती आणि एका मुलाचे सबंध आयुष्य ही दोन पारडी समान धरण्याचा शिरस्ता मोडल्यावाचून गत्यंतर नाही.

जगात आज सुमारे २५ कोटी माणसे हा विषाणू रक्तात बाळगून आहेत आणि त्यांतील फार मोठा हिस्सा बालपणीच बाधित झालेला आहे. म्हणून ज्यांच्या घरी बाळंतपण येऊ घातले आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत मातेच्या रक्ताची ब काविळीसाठी परीक्षा झाली की नाही याची खातरजमा करावी, तिचा निकाल प्रसूतिगृहात न्यावयाच्या कागदांत ठेवावा, आणि बाळ जन्मल्यावर, दवाखाना सरकारी असो वा खासगी, लस टोचली का, किती वाजता टोचली, हे परिचारिकेला विचारून माता-बाल संरक्षण कार्डावर तिच्या हाताने लिहून घ्यावे.