लॅपटॉपच्या पोटातली मराठी

बोदवडमधल्या एखाद्या घरी कॉलेजला जाणाऱ्या पोरीसाठी जळगावहून नवा लॅपटॉप येतो, तेव्हा खोक्यातून काय निघतं? लॅपटॉप, चार्जर आणि दोन-चार कागद. सीडी नाही, पेनड्राइव्ह नाही. मग बटण दाबताच पडद्यावर जे उभं राहतं, ते आलं कुठून? कारखान्यातच आत भरलेलं असतं. आणि काय काय भरलंय हे बघायला बसलं, की थक्क व्हायला होतं.

आधी विंडोजचा परवानाच घ्या. पूर्वी लॅपटॉपच्या पाठीवर परवान्याच्या पंचवीस अक्षरी नंबराचा स्टिकर असायचा; तो घासून पुसला गेला की पंचाईत. २०१२ साली विंडोज ८ आलं आणि तो नंबर मदरबोर्डवरच्या चिपमध्ये जाऊन बसला. आता डिस्क कोरी करा, तीच आवृत्ती पुन्हा टाका. विंडोज स्वतःच चिपमधला नंबर वाचतं आणि इंटरनेट मिळताच परवाना चालू करतं. तुम्हाला एक अक्षरही टाइप करावं लागत नाही! मात्र खोक्यावर ‘डॉस’ लिहिलं असेल, तर आत विंडोजचा परवानाच नसतो. लॅपटॉप स्वस्त पडतो तो म्हणूनच. बिल करण्याआधी ती ओळ वाचायलाच हवी.

ऑफिसचंही तसंच. काही लॅपटॉपबरोबर ते कायमचं येतं, काहींवर नुसतं चवीपुरतं. मुदतीचा अँटिव्हायरस संपला म्हणून घाबरू नका; विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आत असतोच, तोही फुकट.

पण खरा खजिना वेगळाच आहे. या लॅपटॉपला मराठी येते!

तशी ती सहज आली नाही. एकेकाळी मराठी टाइप करायची म्हणजे इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले फॉन्ट वापरायचे. फाईल दुसऱ्या कम्प्युटरवर उघडली की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांचा ढीग. युनिकोडने हा घोळ मिटवला: प्रत्येक अक्षराला एक नंबर, जगभर एकच. ‘बोदवड’ तुम्हाला चार अक्षरं दिसतात ना? लॅपटॉपच्या लेखी ते पाच नंबर आहेत: २३४८, २३७९, २३४२, २३५७, २३३७. यातला दुसरा नुसत्या ओकाराच्या मात्रेचा.

आता बोदवड तालुक्यातलंच, मारुतीचं शिरसाळा टाइप करा. आधी ‘श’, मग वेलांटी. नंबरही त्याच क्रमाने साठतात. मग पडद्यावर वेलांटी ‘श’च्या आधी कशी उमटते? विंडोजमध्ये एक प्रोग्रॅम सतत हेच काम करत बसलेला असतो. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरसारखा तो मात्रा जागेवर लावतो, जोडाक्षरं बांधतो, ‘दर्या’तला रफार आणि ‘दऱ्या’तला आडवा ‘र’ वेगळे ओळखतो. आणि हे सगळं तुमचं बोट कळीवरून उठेपर्यंत!

आकार हवेत तर फॉन्ट हवा. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ नावाचा देवनागरी फॉन्ट आला. तो घडवला कुणी? र. कृ. जोशी यांनी. मराठीतले कवी, सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक. जगभर विकल्या जाणाऱ्या यंत्रात आपल्या अक्षरांचं वळण एका मराठी कवीच्या हातून गेलं, हे किती जणांना ठाऊक असतं? नव्या विंडोजमध्ये देवनागरीसाठी ‘निर्मला’ आधीपासून असतो; मराठी भाषा जोडली की ‘मंगल’ही इंटरनेटवरून उतरतो. आणि लिपी देवनागरीच, त्यामुळे लेवा बोली लिहा नाहीतर अहिराणी, सोय तीच.

कीबोर्डही आतच आहे. १९८६ साली सरकारने ठरवलेला इनस्क्रिप्ट: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. आवाजानुसार टाइप करायचं असेल, तर २०१९ पासून फोनेटिकही आहे.

तेव्हा नवा लॅपटॉप आणलात की सेटिंग्जमध्ये भाषेच्या पानावर जाऊन मराठी जोडा; त्यानंतर विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबला की भाषा बदलते. ‘मराठी टाकून देतो’ म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. लॅपटॉपबरोबर घेतलेल्या विंडोजच्या किमतीतच ते तुम्ही भरलेले आहेत.