पाते बोटभर, कहाणी हातभर

जुनी नाणी जमवणारा गृहस्थ आपला संग्रह काढून बसला, की पाहुणे कौतुकाने माना डोलावतात. टपालाची तिकिटे जमवणाऱ्याचेही तसेच. परंतु ‘मी जुने चाकू आणि सुऱ्या जमवतो’ असे कोणी म्हटले, की ऐकणारा नकळत खुर्ची जराशी मागे सरकवतो! वास्तविक चाकूइतके गरीब हत्यार दुसरे नसेल. त्याचे बहुतेक आयुष्य भाजी, फळे, दोर आणि भाकरतुकडा यांच्या संगतीतच गेलेले असते. आणि या छंदाची खरी मौज धारेत नाहीच. ती पात्याच्या घाटात आणि त्याला चिकटलेल्या नावात आहे. घाट सहसा खोटे बोलत नाही. नाव मात्र पुष्कळदा थापा मारते.

कधीकधी नावही प्रामाणिक असते. इंग्रजांच्या खिशातला चिमुकला ‘पेननाइफ’ घ्या. पक्ष्याच्या पिसाची लेखणी तासण्यासाठी तो जन्मला. आपल्याकडे बोरूला टोक काढायला चाकू लागे, त्याच जातीचे हे काम. पिसे गेली, टाक आला, टाक गेला, झरणी आली. आता तर लेखणीच बोटांतून निसटू लागली आहे. चाकूने मात्र आपले नाव सोडले नाही. एका शब्दात लेखनकलेचा एक अध्याय जपला गेला.

आता उलट उदाहरण पाहा. १९ सप्टेंबर १८२७ रोजी अमेरिकेत, नॅचेझ गावाजवळ, मिसिसिपी नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर एक द्वंद्वयुद्ध ठरले होते. दोन्ही वीरांनी गोळ्या झाडल्या, नेम चुकले आणि दोघे हस्तांदोलन करून मोकळे झाले. पण त्यांच्या पाठीराख्यांत जुंपली! त्यात जेम्स बोवी नावाच्या गृहस्थाने गोळ्या आणि वार अंगावर घेऊनही आपल्या मोठ्या सुरीने प्रतिस्पर्ध्याला ठार केले. वर्तमानपत्रांनी ही हकीकत गावोगाव पोहोचवली आणि ‘बोवी सुरी’चा बोलबाला झाला. टेनेसी राज्याने तर १८३८ मध्ये तिच्या विक्रीवरच कायद्याने बंदी घातली.

आज बोवी सुरी म्हटली, की टोकाजवळ पाठ खोलगट कापलेले, रुंद नि लांब पाते डोळ्यांपुढे येते. पण जेम्सचा भाऊ रेझिन याने १८३८ मध्ये एका वृत्तपत्राला लिहून कळवले, की ती सुरी मुळात त्याने शिकारीसाठी करवून घेतली होती. सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकाच बाजूला धार आणि पाते वक्र नाही! म्हणजे साधी सरळ सुरी. जेम्स १८३६ मध्येच अलामोच्या लढाईत पडला होता; त्याला विचारण्याची सोय नव्हती. इंग्लंडातील शेफील्डच्या कारखानदारांनी मात्र मागणी ओळखली आणि तऱ्हेतऱ्हेच्या बोवी सुऱ्या अमेरिकेत पाठवल्या. मूळ सुरी म्हणून सर्वांनी निर्विवाद मान्य केलेली वस्तू आज कोणत्याही संग्रहात नाही. नाव अमर झाले, वस्तू हरवली, आणि मधल्या मोकळ्या जागेत दंतकथेने बिऱ्हाड थाटले.

स्वित्झर्लंडच्या जगप्रसिद्ध लाल चाकूची गंमत निराळी. नव्या बंदुकीचे भाग सुटे करता यावेत आणि अन्नाचा डबा उघडता यावा, म्हणून तिथल्या लष्कराने सैनिकांसाठी एक चाकू ठरवला. त्यात चारच गोष्टी होत्या : पाते, आरी, डबा फोडण्याचे हत्यार आणि पेचकस. मूठ काळपट लाकडाची. इतके चाकू एकदम बनवण्याची ऐपत स्विस कारागिरांत नव्हती, म्हणून पहिली खेप जर्मनीतल्या सोलिंगेनहून आली! इबाख गावच्या कार्ल एल्सेनरने हे काम १८९१ पासून आपल्या देशात आणले. त्याने १८९७ मध्ये बाटलीचे बूच काढणारा मळसूत्री काटा आणि दुसरे पाते जोडून एक हलका, देखणा चाकू काढला. लष्कराने तो सरकारी सामानात घेतलाच नाही. अधिकारी पदरचे पैसे टाकून विकत घेत. आज ज्याला जग ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणते, तो चाकू या लष्कराने नाकारलेल्या चाकूचाच वंशज आहे. हे नावही स्विस लोकांचे नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर, लांबलचक जर्मन नाव उच्चारता न आल्याने, अमेरिकन सैनिकांनी ते रूढ केले.

फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातला ‘ओपिनेल’ मात्र बिचारा साधा. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये तो शेतकऱ्यांसाठी घडवला. लाकडी मूठ, तिच्यात मिटणारे एक पाते. उघडलेले पाते अवचित बोटांवर मिटू नये म्हणून १९५५ मध्ये मुठीला फिरते कडे बसवले. लढाई नाही, वीर नाही, तरी घाट आजवर टिकून आहे. वस्तू कामाची असली, की तिला पोवाड्याची गरज लागत नाही. आपल्या पुण्याच्या केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांपुढे उभे राहिले, की हेच पटते. सुपारी कातरण्यापलीकडे काही न करणाऱ्या त्या पात्यांवर कारागिरांनी जीव ओतला आहे.

म्हणून जाणता संग्राहक पात्याच्या बुडाशी असलेला छाप आधी पाहतो, घाट पाहतो, जुन्या लोखंडावरची काळसर झाक घासून टाकत नाही, आणि चिठ्ठीवर ‘ठाऊक आहे ते’ आणि ‘सांगतात ते’ असे दोन वेगळे रकाने ठेवतो.

हे रकाने सांभाळणे सर्वांत अवघड जाते, ते प्रश्न जिव्हाळ्याचा असेल तेव्हा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शित झाली, तेव्हा महाराष्ट्र हेलावला. ही वाघनखे साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफ याच्याकडची. त्यांच्या पेटीवरील लेख म्हणतो, की शिवाजी महाराजांनी मोगल सेनापतीला मारले ती हीच. अफझलखान मोगलांचा नव्हे, आदिलशाहीचा सरदार होता, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते! प्रतापगडचा प्रसंग १६५९ चा आणि डफ साताऱ्यास आला १८१८ मध्ये. हीच ती वाघनखे याची खात्री देता येत नाही, असे खुद्द ते संग्रहालयच सांगते. यात महाराजांचे काय उणे होते? त्यांचा पराक्रम पोलादाच्या एका तुकड्यावर टांगलेला नाही. उणे होईल ते आपले, जर ‘सांगतात’ हा रकाना पुसून आपण सगळेच ‘ठाऊक आहे’मध्ये लिहिले तर.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एखादी गंजकी सुरी, विळी किंवा अडकित्ता हाती लागला, तर लगेच भंगारवाल्याच्या पाटीत टाकू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : हा कोणाचा? कुठून आणला? याने काय कापीत? सांगतील ते, सांगणाऱ्याचे नाव आणि आजचे साल, कागदावर टिपून त्याच्यासोबत बांधून ठेवा. पुढच्या पिढीला दंतकथा रचण्याचे श्रम तरी पडणार नाहीत.