विश्लेषण : मोझांबिकच्या तुरीमुळे नेमका फायदा कोणाला?

तूरडाळ २०१५ मध्ये किलोमागे २०० रुपयांच्या घरात गेली आणि केंद्र सरकारने आफ्रिकेकडे मोर्चा वळवला. विकसनशील देशांच्या परस्पर सहकार्याचे उदाहरण म्हणून गाजलेल्या त्या कराराने ग्राहकाला आधार दिला. शेतकऱ्याचे काय झाले?

करार काय होता?

जुलै २०१६ मध्ये भारत आणि मोझांबिकने पाच वर्षांचा सामंजस्य करार केला. पहिल्या वर्षी १ लाख टन आणि २०२०-२१ पर्यंत २ लाख टन डाळींची आयात ठरली. २०२१ मध्ये २ लाख टन तुरीचा वार्षिक कोटा कायम ठेवून मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवण्यात आली. मलावीशी ५० हजार टन, तर म्यानमारशी १ लाख टन तुरीचा असाच करार झाला.

मोझांबिकच का?

तिथे तूर ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघते. आपली नवी तूर डिसेंबरनंतर बाजारात येते. म्हणजे सणासुदीच्या टंचाईत तिथला माल उपयोगी पडतो. मोझांबिकच्या उत्तर भागातील छोटे शेतकरी हे पीक मुख्यत: भारतासाठीच घेतात. दुसरे मोठे गिऱ्हाईक त्यांना नाही.

मग बिघडले कुठे?

२०१६-१७ मध्ये भारतात तुरीचे उत्पादन जवळपास दुपटीने वाढून सुमारे ४८ लाख टनांवर गेले. बोनससह ५,०५० रुपये हमीभाव असताना बाजारभाव त्याखाली घसरले. महाराष्ट्रात खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना संपला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने तुरीच्या आयातीवर २ लाख टनांची वार्षिक मर्यादा घातली. मोझांबिकचा सरकारी कोटा त्यातून वगळला; मात्र त्यापलीकडचा व्यापार अडला आणि तिथलेही भाव कोसळले. एकाच वर्षात लातूरचा आणि नाम्पुलाचा शेतकरी सारखाच पोळला.

पुढे काय?

२०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली. पण २०२३ च्या अखेरीस निर्यातदारांतील वादामुळे नाकाला बंदरात भारताची तूर अडकली. असा माल उशिरा आला, तर तो नेमका आपल्या नव्या पिकासमोर उभा राहतो.

कराराने टन ठरवले. शेतकऱ्याच्या भावाची हमी मात्र दोन्हीकडे मिळाली नाही. आयात किती आणि कोणत्या महिन्यांत होणार, हे पेरणीआधीच जाहीर करून पाळले, तर दोन्ही देशांतील शेतकऱ्यांना पीक ठरवता येईल. धोरण पेरणीनंतर बदलत राहिले, तर या भागीदारीची किंमत तेच मोजत राहतील.